अफरीननं नाव विचारलं

मी कुसाबाई, निफाडकडची. माझं तोंड फाटकं हाय, हे गावात कोणीबी सांगेल. पण अफरीनचा विषय निघाला की माझा आवाज आपोआप खाली येतो. लय उपकार हायेत त्या पोरीचे आमच्यावर.

माझी सून तेजस्विनी बाळंत झाली, अन् बाळ मेलेलंच जन्माला आलं. मुलगी व्हती. बारसं झालेलं नाय, मग कसला दहावा अन् कसलं काय? आमच्यात अशा बाळाचं कोणी काही काढत नाय. माझ्या लेकानं, दीपकनं, तिला शेताच्या कडेला पुरलं. मीच घरादाराला तंबी दिली, सुनेपुढं बाळाचा ब काढायचा नाय.

झालं उलटंच. पोरगी बोलायचीच बंद झाली. ताट पुढं ठेवलं तर घास-दोन घास, नायतर तेबी नाय. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. ही हातची जाते की काय, या धास्तीनं मला अन्न गोड लागेना. डॉक्टर म्हणाले, नाशिकला समुपदेशनाला न्या.

तिथं शिकाऊ पोरी बसतात, अन् त्यांना शिकवणाऱ्या उज्वलाताई मागं बसून ऐकतात. आमच्या वाट्याला अफरीन आली, मालेगावची, डोक्यावर ओढणी. माझ्या मनात आलंच, हिला आमच्यातलं काय कळणार?

अफरीननं तेजस्विनीला पाणी दिलं अन् सरळ विचारलं, "ताई, बाळाचं नाव काय ठेवलं?"

अगं बाई! माझं डोकंच फिरलं. "काय विचारते गं? बारसं नाय झालं, नाव कुठनं येणार? मीठ चोळते का पोरीच्या जखमेवर?" अफरीनचा चेहरा पांढराफटक पडला. मी सुनेचा दंड धरून उठले.

सून उठेना. "आरोही," ती म्हणाली.

किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला मी! "आरोही. सातव्या महिन्यातच ठरवलं व्हतं मी." अन् मग जी रडली, जी रडली! अफरीनबी रडत व्हती. मी सुनेचा दंड सोडून खाली बसले.

सून तोंड धुवायला गेली तेव्हा उज्वलाताई म्हणाल्या, "अफरीन, आज निभावलं. पण समोरच्या घरात काय रीत आहे, ते आधी विचारायचं. दुसरी कोणी असती तर या प्रश्नानं मोडून पडली असती."

"चुकलं, मॅडम," अफरीन खाली मान घालून म्हणाली. "आमच्यात असं बाळ गेलं तरी नाव ठेवतात, मग दफन करतात. मला वाटलं, सगळीकडेच तसं असेल."

मला राहवलं नाय. "ताई, तुमचं खरं हाय. पण हिला नापास कराल तर बघा, मी इथून हलणार नाय."

ताई हसल्या. "नापास कशाला? पुढच्या पोरींना शिकवायला तुम्हालाच बोलावते."

मग आमच्या खेपा सुरू झाल्या. अफरीन आता दर वेळी आधी मला विचारायची, "मावशी, तुमच्यात याला काय करतात?" मी फणकाऱ्यानं सांगायचे, ती मन लावून ऐकायची. सून जेवायला लागली, दीपकशी भांडायलाबी लागली. देवा, ते भांडण ऐकून मी साखर वाटायचीच बाकी ठेवली.

शेवटच्या खेपेला अफरीनच्या तोंडावरून हात फिरवून आम्ही एस्टीत बसलो. तेजस्विनी हळूच म्हणाली, "आई, ह्यांच्या जन्माआधी तुमचंबी एक बाळ गेलं व्हतं ना?"

मी मान हलवली.

"नाव काय ठरवलं व्हतं?"

एवढी बोलघेवडी मी, पण ते नाव नवऱ्यालाबी कधी सांगितलं नव्हतं. "राजू," मी म्हटलं, अन् पदर तोंडाला लावला.

तेजस्विनीनं माझा हात धरला. "म्हणजे आरोहीला मोठे काका हायेत तिथं," ती म्हणाली. "एकटी नाय ती."