डोकं नव्हे, कान

आई चार महिने खुर्चीत झोपत होती. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे तिला तो पलंग नकोसा झाला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली आणि खुर्चीशेजारी जमिनीवर गादी टाकून झोपायला लागले. तिसऱ्यांदा ती बाथरूमच्या दारात पडली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं, तेव्हा दादा म्हणाला, आता पुरे. त्याने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. तिथली खोली प्लास्टर निघायच्या सुमारास, एका सोमवारी मोकळी होणार होती.

फॉर्म अर्थातच माझ्याकडे आला. मी दिवसभर एका सरकारी खिडकीत बसून लोकांचे फॉर्म तपासते, म्हणून घरातले फॉर्मही माझ्याच गळ्यात. ‘इतर माहिती’च्या रकान्यात मी लिहिलं: रात्री झोपत नाही, विचारलं तर सांगत नाही, हेकट. सही करताना मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. गुरुवारी आई अंघोळीला गेली असताना तिची पिशवीही भरली आणि पलंगाखाली सरकवून दिली. त्या पलंगाकडे ती फिरकत नव्हतीच.

तोवर डॉक्टर तीन झाले होते. प्रत्येकाने विचारलं, चक्कर येते का, आणि प्रत्येकाला आईने ठणकावून नाही म्हणून सांगितलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली, शब्द ऐकावा तसाच घेणारी बाई. तिच्या लेखी चक्कर म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस कोसळतं ती. तसं तिला होत नव्हतं, म्हणजे नाही. रक्त, साखर, हृदय सगळं तपासून झालं, आणि शेवटच्या डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवून झोपेची गोळी दिली. त्या गोळीने ती दिवसाही पेंगायला लागली. बाथरूमच्या दारात पडली ती त्यानंतरच.

शुक्रवारी प्लास्टर काढलं. मनगटाचे व्यायाम शिकून घ्या म्हणून आम्हाला तळमजल्यावरच्या फिजिओकडे पाठवलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, स्वतःच गुडघे धरून उठणारा माणूस. आई दारातून आत येत होती, भिंतीला हात लावत, मान ताठ ठेवून, वळायचं झालं तर अख्खीच्या अख्खी वळत. त्याने मनगटाकडे बघितलंच नाही. रात्री कुठल्या कुशीवर झोपता, असं विचारलं.

मीच सांगितलं, खुर्चीत झोपते. का, असं त्याने तिलाच विचारलं. तिने मला जरा बाहेर जाऊन बसायला सांगितलं. मी गेले नाही. चार महिने जमिनीवर झोपल्यावर माणसाला एवढा हक्क मिळतो.

“आडवी झाले की डोकं फिरतं,” आई म्हणाली. चोरी कबूल करावी तशी.

“अगं, मग चक्कर येते असं सांगायचं ना इतके दिवस.”

“चक्कर नाही. डोकं फिरतं.”

फिजिओने तिला टेबलावर लांब पाय करून बसवलं. चेहरा उजवीकडे वळवला, डोकं दोन्ही हातांत धरलं आणि काहीही झालं तरी डोळे उघडे ठेवा असं बजावून झटकन मागे निजवलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर जरासं लोंबेल असं. तीन-चार सेकंद काहीच झालं नाही. मग तिचे डोळे आपोआप हलायला लागले, झटके देत, एकाच बाजूला. तिने माझा हात असा आवळला की माझ्याच मनगटाला प्लास्टर लागलं असतं. छत चाललं, छत चाललं, एवढंच म्हणत होती. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं.

कानाच्या आत बारीक कण असतात, तो सांगू लागला. ते जागचे सुटून भलत्या नळीत गेलेत. तुम्ही मान हलवली की ते घरंगळतात, आणि तुम्ही गोल फिरताय असं कान मेंदूला खोटंच कळवतो.

“दोष कानात आहे, आजी. डोक्यात काही नाही.”

“परत सांगा,” आई म्हणाली. एखाद्याने नंबर घाईत सांगितला की विचारायची, तस्सं.

“दोष कानात आहे.”

“आणि डोक्यात?”

“काही नाही.”

तिने डोळे मिटले आणि पाणी कानापर्यंत ओघळलं. मळमळतंय असं समजून फिजिओ लगबगीने भांडं घेऊन आला.

मग त्याने ते कण जागेवर न्यायला सुरुवात केली. आधी तसंच पडून राहायचं, मग मान डावीकडे, मग अंगासकट कुशीवर, नाक जमिनीकडे. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबायचं. मग हळूच उठवलं. थोड्या वेळाने पुन्हा निजवून पाहिलं तर डोळे जागच्या जागी. त्याने सांगितलं, काही दिवस पाय तरंगल्यासारखे वाटतील, हे पुन्हाही होऊ शकतं, झालं तर या. ती गोळी बंद करायचं डॉक्टरांशी बोला. आणि रोज दोनदा ओट्याला हात टेकून, एका पावलापुढे दुसरं ठेवत चालायचं. मागे कोणीतरी उभं राहायचं. कोणीतरी म्हणजे कोण, ते मला सांगावं लागलं नाही.

बाहेरच्या बाकावरून मी दादाला फोन केला. खोली नको म्हणून कळव, म्हटलं. झेपेल ना तुला, असं त्याने विचारलं, आणि मी हो म्हटलं. मला आनंद झाला होता, आणि मंजूर झालेली रजा रद्द व्हावी तसंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आई पलंगाच्या काठावर बराच वेळ बसून राहिली. मग श्वास रोखून उजव्या कुशीवर आडवी झाली. मी उशाशी उभी होते. काही झालं नाही.

“माझी आत्या अशीच भिंत धरून चालायची,” भिंतीकडे तोंड करून ती बोलायला लागली. “उशीला डोकं लावायची नाही. रात्रभर बसून. मी बारा वर्षांची असेन. एक दिवस तीच म्हणाली, माझं डोकं फिरतं. झालं. हिचं डोकं फिरलंय, असं सगळ्या घराने धरलं. गाडीत घालून नेऊन सोडलं तिला कुठल्याशा इस्पितळात. परत आणायला कोणी गेलं नाही. कधी फिरतं, असं कोणी विचारलंच नाही गं. तिची पिशवी मी भरली होती.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

“ती खालची पिशवी रिकामी कर,” ती म्हणाली. आवाजात झोप उतरली होती. “माझा वाचायचा चष्मा गेलाय त्यात. कालपासून शोधतेय.”

मी गुडघ्यांवर बसले आणि पिशवी बाहेर ओढली.