लंबूनानांचे अंगठे

"सर, लंबूनाना बूट उलटे घालायचे का?"

शोध माझा, शब्द मात्र आमच्या टोळीचे. विचारून दाखव, नाहीतर वर्षभर आमची दप्तरं उचल, असं मागच्या बाकावरच्या तिघींनी बजावलं होतं. मी कुणाची दप्तरं उचलणाऱ्यातली नाही. विचारलं.

लंबूनाना म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला प्लास्टिकचा सांगाडा. जीवशास्त्राच्या सरांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी, कारण तो प्रश्न विचारत नाही. दरवर्षी विज्ञान प्रदर्शनाआधी सर त्याला स्वतः सुटा करतात, साबणाच्या पाण्यात बुडवतात आणि तारेने पुन्हा जोडतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, "चुकीचं जोडाल" म्हणून. आणि यांनी जोडलेल्या नानांच्या पायांचे अंगठे कुठे, तर बाहेरच्या बाजूला! करंगळ्या आत, दोघी एकमेकींशी कुजबुजत असल्यासारख्या.

इतकी वर्षं वर्गच्या वर्ग नानांसमोर बसून हेच ध्यान कागदावर उतरवतायत. सरांचा नियमच आहे, "पुस्तकातलं उतरवायचं नाही. समोर दिसतं ते काढायचं." मी टेबलाखाली चप्पल काढून समोर दिसणारा माझाच पाय काढला. सरांनी त्यावर एवढी मोठी लाल फुली मारली.

तर, प्रश्न ऐकून सर नानांच्या पायांशी वाकले. बराच वेळ वाकलेलेच. उठले तेव्हा कान लाल झाले होते. म्हणजे दिसलं होतं त्यांना!

"मांस गेलं की हाडं पसरतात," ते म्हणाले. "त्यात दात काढण्यासारखं काय आहे?"

पसरतात! म्हणजे अंगठा चार बोटांना ओलांडून पलीकडे जाऊन बसतो, बसमध्ये खिडकी मिळाल्यासारखा.

"पण सर, प्लास्टिकला मांस होतं कधी?"

हशाने वर्ग फुटला. आणि माझी जागा गेली. प्रदर्शनात नानांशेजारी उभं राहून पाहुण्यांना सांगाडा समजावून द्यायचं काम माझ्याकडे होतं. आता वर्गासमोर माफी मागितली तरच ते परत मिळणार होतं. त्या जागेवर मी पाचवीपासून डोळा ठेवून होते. कानातल्या तांदळाच्या दाण्याहून लहान हाडापासून मांडीच्या लांबलचक हाडापर्यंत, हाडांच्या पोकळीत रक्त कसं तयार होतं इथपर्यंत, सगळं मला तोंडपाठ आहे. पाठांतराला विचारतो कोण!

शाळेतून तडक बाबांच्या दुकानात गेले. आई गल्ल्यावर बसली होती. सगळं सांगितलं.

"सर म्हणतात म्हणजे तसंच असेल," बाबा म्हणाले.

हे कोण म्हणतंय? ज्यांचं चपलाबुटांचं दुकान आहे ते! दिवसभर डावा-उजवा जुळवणारा माणूस!

"बाबा, तुम्हीही याच सरांकडे शिकलात ना? तुम्हीही अंगठे बाहेर काढले होते?"

"मग! दहापैकी नऊ मिळाले होते." वर छाती फुगवून.

"माफीचे दोन शब्द बोलायला काय जातं गं तुझं?" आई म्हणाली. "नको तिथे बरी चालते. जिभेला हाड म्हणून नाही या पोरीच्या!"

"कुणाच्याच नसतं, आई," मी म्हटलं आणि फळीवरून बाबांच्या मापाचे काळे बूट काढले. "बाबा, डावा उजव्या पायात घाला."

"डोकं फिरलंय का? गिऱ्हाईक येईल."

"आलं तर म्हणू, नवीन फॅशन."

कुरकुरत घातले. आरशापर्यंत जाईस्तोवर तोंड वाकडं झालं. परत वळताना तोल गेला, फळी धरली, तर चार खोकी डोक्यावर.

"अंगठा चेपला गं!"

"चेपणारच. वजन टाचेवर पडतं, तळपायाच्या कमानीवरून पुढे येतं, आणि पाऊल उचलताना शेवटचा रेटा अंगठा देतो. म्हणून कमान आत, अंगठा आत. नानांसारखे पाय असते ना, तर माणूस कधीच बसला असता रांगत."

बाबांनी बूट काढले. अंगठा चोळला. मग माझ्या उघड्या पायांकडे बघितलं, मग स्वतःच्या.

"बरोबर आहे तुझं," ते हळूच म्हणाले. मी उडी मारणार, तेवढ्यात पुढे म्हणतात, "पण सर मोठे आहेत. माफी मागून मोकळी हो."

घ्या! अंगठा ठणकतोय, तरी मान डोलतेच आहे. मणके कशासाठी दिलेत या लोकांना, शर्ट अडकवायला? माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. ते मी येऊ दिलं नाही.

"ऐका दोघंही," मी म्हटलं. "मी माफी मागणार नाही. ती जागा मला हवी होती, अजूनही हवी आहे, पण अंगठे बाहेर सांगून नको. प्रदर्शनाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाबाहेर अनवाणी उभी राहणार, दोन्ही पायांवर पेनाने हाडं काढून. आणि हे बूट मी नेतेय. येणाऱ्या प्रत्येकाने ते उलटे घालून चार पावलं टाकायची, मग आत जाऊन नानांना बघायचं. बाबा, माप तुमचं आहे. पहिला नंबर तुमचा."