उबेतली काडतुसे

गेल्या हिवाळ्यात मोरेश्वरकाकांची गोळी एका हरिणीच्या पायाला लागली. बर्फावर रक्ताची रेघ ओढत ती झाडीत नाहीशी झाली आणि अंधार पडेपर्यंत शोधूनही सापडली नाही. तेव्हापासून काका म्हणत, "पुन्हा असं झालं, तर बंदूक पोलिसांत जमा करीन."

क्योतोच्या उत्तरेकडील डोंगरांत हरणांनी जंगलाची जमीन खरवडून खाल्ली आहे. त्या ओसाड जमिनीवर मी डॉक्टरेट करतो. काका निवृत्त शास्त्रज्ञ; सुप्रभाकाकू गेल्यावर ते इथल्या खेड्यात एकटेच राहू लागले. गावच्या शिकारमंडळाची हाक आली, की त्यांना सकाळी उठायला कारण मिळे. बंदूक गेली असती, तर ते कारणही गेले असते. ही भीती आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवली नाही.

एका शनिवारी कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबेत पाय घालून बसलो असताना मी विचारले, "काका, त्या हरिणीच्या वेळची काडतुसं तुम्ही दारू घालून कधी भरली होती?"

"ऑगस्टमध्ये. घामानं चष्मा घसरत होता. का रे?"

"आणि बंदुकीच्या दुर्बिणीचा नेम कधी जुळवलात?"

"तेव्हाच, खाली मैदानातल्या रेंजवर."

मी पुष्कळ दिवस मनात ठेवलेले बोललो. थंडीत दारू मंद जळते, गोळीचा वेग घटतो. गार हवा दाट असते, तीही गोळीला अडवते. उंचीवर हवा विरळ होते खरी, पण तेवढ्याने भरपाई होत नाही. दूरच्या नेमात गोळी चार बोटे खाली उतरू शकते.

काकांनी चहाचा पेला खाली ठेवला. "म्हणजे दोषी माझे डोळे नव्हेत?"

"नसावेत."

"तुझी काकू असती, तर म्हणाली असती, वरणभात खाणाऱ्या शिकाऱ्याला बरी सबब मिळाली." ते हसले. त्या घरात इतक्या मोकळेपणी हसलेले मी त्यांना प्रथमच पाहिले.

पुढच्या फेरीला त्यांनी काडतुसे स्वेटरच्या आत, छातीशी ठेवली. मी मदतीला हात पुढे केला, तसे त्यांनी दटावले, "हात नको लावूस. तुझ्याकडे परवाना नाही, मला आत टाकतील." थंडीचा आणि उंचीचा हिशेब मी करून दिला होता; त्याप्रमाणे त्यांनी बंदुकीवरची दुर्बीण जुळवून घेतली होती.

कड्यावर वारा पडलेला होता. खोऱ्यापलीकडे एक हरीण उभे राहिले. काकांनी छातीशी ठेवलेले काडतूस काढून बंदुकीत सरकवले. त्या क्षणी मला जगात फक्त ते हरीण जागीच कोसळायला हवे होते.

गोळी सुटली. ते कोसळले नाही. मागचा पाय लोंबकळत ठेवून झाडीत शिरले.

या वेळी रेघ ठळक होती. ओढ्याकाठी ते बसलेले सापडले, आणि काकांनी जवळून दुसरी गोळी घातली. मग त्यांनी बर्फात गुडघे टेकून हात जोडले. गावातले लोक प्रत्येक जनावरापुढे असे हात जोडतात. या वेळी काकांचे हात लवकर सुटले नाहीत.

"वरून दिसलं नाही, पण खोऱ्यात वारा असेल," मी म्हणालो. "किंवा माझं गणित..."

"ओजस."

त्यांनी स्वेटरच्या आतून उरलेले काडतूस काढले, चिमटीत घट्ट धरले आणि माझ्या हाताच्या पाठीला क्षणभर टेकवले. पितळ त्यांच्या अंगाइतकेच उबदार होते.

"आज काडतुसं गरम होती," ते म्हणाले.

त्यांनी बंदूक रिकामी करून खोळीत घातली आणि तिची चेन सावकाश, शेवटपर्यंत ओढली. उतरताना ते पुढे चालत होते. वाटेतला प्रत्येक दगड ते आधी काठीने चाचपत, मग त्यावर पाऊल ठेवत. हे ते कधीपासून करत होते, कोण जाणे.