शेजारच्या सीटवर

धरणगावहून जळगावच्या शाळेत जाणाऱ्या चार शिक्षिका बसची वाट बघून बघून कंटाळल्या, तेव्हा त्यांच्यातल्या दिपमालाने घरात पडून असलेली जुनी व्हॅन बाहेर काढली. तिच्या नवऱ्याला, भूपेंद्रला, गाडी चालवायची हौस नव्हती. त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान घराखालीच, त्याला जायचं होतं कुठे? दिपमाला गाडी शिकली ती गरजेपोटी, पण हात असा बसला की पाळधी, बांभोरी करत, गिरणेचा पूल ओलांडून ती व्हॅन वर्षानुवर्षं शाळेच्या फाटकाशी वेळेवर उभी राहायची. दिवसभर सातवी-आठवीला गणित शिकवायचं, परत येताना वाटेत भाजी घ्यायची, घरच्या गाईचा शेणगोठा करायचा, असं तिचं आयुष्य. त्यात तिला काही कमी वाटत नव्हतं.

मग शाळेतले मराठी माध्यमाचे वर्ग बंद झाले. एकदम नाही. आधी दोन तुकड्यांची एक झाली, मग मागची बाकं रिकामी पडू लागली, आणि शेवटी संस्थाचालकांनी सगळ्यांना बोलावून चहा पाजला आणि हात जोडले. शाळा विनाअनुदानित, दुसरीकडे सामावून घेण्याचा प्रश्नच नव्हता. दिपमालाने चाळिशी ओलांडलेली.

त्या संध्याकाळी तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा भूपेंद्रने तिच्या हातातली भाजीची पिशवी घेतली. सासूबाई, पुष्पाबाई, ओट्यावर मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शाळा बंद पडनी. तू थोडीच बंद पडनी?"

दिपमालाला हसू आलं आणि मग थोडं रडूही.

नोकरीचा शोध सुरू झाला. एका इंग्रजी शाळेत तिचं गणित आवडलं, इंग्रजी आवडलं नाही. विम्याच्या कामासाठी एका गृहस्थांनी तिला आधी नातेवाइकांची नावं विचारली; ती उठून आली. एका सराफाच्या पेढीवर काउंटरला बायका हव्या होत्या, पण त्यांना कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या मुली हव्या होत्या. तसं कुणी स्पष्ट बोललं नाही, पाणी मात्र लगेच दिलं. दिपमाला घरी येऊन ही सगळी हकिगत नकलांसकट सांगायची आणि पुष्पाबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. पण सकाळी शाळेच्या वेळेला तिला जाग यायची, आणि आता उठून करायचं काय, हे काही केल्या समजायचं नाही.

अशातच सविता मॅडम घरी आल्या. व्हॅनमध्ये इतकी वर्षं दिपमालाच्या शेजारी बसणाऱ्या त्या. त्यांना जळगावलाच एका शिकवणी वर्गात काम मिळालं होतं, पण सुटायची वेळ अशी की बस मिळेना.

"तुमची गाडी बंद झाली आणि माझे पायच गेले," त्या म्हणाल्या. "मला शिकवा ना गाडी. बाहेर माणसं शिकवतात ती ओरडतात म्हणे."

गावाबाहेर जिनिंगचं मोठं आवार होतं. कापसाचा हंगाम नव्हता, त्यामुळे ते मोकळंच. दिपमालाने ओळखीने परवानगी काढली आणि तिथे दोघींची शाळा भरू लागली. सविता मॅडम इतक्या घाबरट की रिव्हर्स टाकला की डोळे मिटायच्या. दिपमालाने पहिले काही दिवस इंजिन सुरूच केलं नाही. बंद गाडीत बसून नुसते पाय: क्लच दाबा, सोडा, दाबा, सोडा. गणितात तिने हेच केलं होतं. मुलाचं उत्तर चुकलं की ओरडण्यात अर्थ नसतो, कुठल्या पायरीवर घसरलं ते शोधायचं. सविता मॅडम घसरत होत्या त्या क्लच सोडताना. एकदम सोडायच्या, जसं गरम भांडं टाकावं.

"दुधाची पातेली उतरवताय असं समजा," दिपमाला म्हणाली. "टेकेपर्यंत हात सोडायचा नाही."

व्हॅन कुरकुरली, पुढे सरकली, बंद पडली नाही. सविता मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या की आवाराचा राखणदार धावत आला.

याच सुमारास धुळ्याच्या एका ऑनलाइन क्लासचं बोलावणं आलं. दिपमाला पारोळामार्गे बसने गेली. मुलाखत घेणारी मेघा नावाची मुलगी हसतमुख होती. तिने दिपमालाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि अपूर्णांक शिकवायला सांगितलं.

"छान, मॅडम! फक्त एनर्जी थोडी वाढवू या. समोर खूप मुलं आहेत असं समजा."

समोर काळी काच होती. दिपमालाने एनर्जी वाढवली. छेद सारखे करून दाखवले, हात उडवले, हसली. शिकवून झाल्यावर सवयीने तिने विचारलं, "समजलं का सगळ्यांना?" आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. मेघाने मान डोलावली तेव्हा कुठे तिला भान आलं.

चार दिवसांत फोन आला. तिची निवड झाली होती.

भूपेंद्रने पेढे आणले. दिपमालाने पेढा खाल्ला, छान होता. पण त्याच आठवड्यात सविता मॅडम लायसन्सच्या परीक्षेचं बघायला जळगावच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या आणि तिथल्या मालकांनी त्यांची चाचणी घेतली. मालक देवचंदभाऊ, पन्नाशीचे, सगळं आयुष्य दुहेरी ब्रेकच्या, शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेल्या गाडीत गेलेलं. सविता मॅडमचा क्लच बघून त्यांनी विचारलं, "ताई, कुठे शिकल्या तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा दिपमालाला फोन. बायका-मुली रोज येतात, शिकवायला बाई आहे का विचारतात, आणि नाही म्हटलं की निम्म्या परत जातात. "तुम्ही याल का? पण एक अडचण आहे. नुसतं लायसन्स जुनं असून भागत नाही. मोटार मेकॅनिकचं सर्टिफिकेट लागतं. सरकारी संस्थेत जाऊन शिकावं लागेल. तोवर तुम्ही आमच्याकडे वर्गात नियम आणि खुणा शिकवा. पगार तेवढ्यापुरताच असेल, आधीच सांगतो."

दिपमालाने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला बसली. भूपेंद्र दारात येऊन उभा राहिला.

"धुळ्याचं पक्कं आहे," तो म्हणाला. "शिवाय घरबसल्या."

"हो ना."

"मग तुला काय वाटतंय?"

"अहो, तिथे मी विचारते समजलं का, आणि कुणी बोलतच नाही."

भूपेंद्रने पुढे होऊन तव्यावरची भाकरी उलटली. "दुकान आहे आपलं," तो म्हणाला. "निघेल वर्ष. पण तू त्या ऑइल-ग्रीसमध्ये हात घालणार?"

ओट्यावरून पुष्पाबाईंचा आवाज आला, "शेणगोठा करस ना ती? मंग ऑइलनं काय घाबरस!"

तिने धुळ्याला फोन करून मेघाचे आभार मानले आणि नकार दिला. मेघाने मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं.

खरी परीक्षा कोर्सच्या पहिल्या दिवशी झाली. वर्कशॉपमध्ये वीस-बावीस पोरं निळ्या डगल्यात उभी होती आणि त्यांच्यात दिपमाला, साडीवर डगला चढवून. शिकवणारे सर आत आले आणि तिला बघून जागच्या जागी थबकले. तिनेही ओळखलं. जितेंद्र. आठवीला तिच्या वर्गात होता. त्रैराशिकात हुशार, अक्षर भयानक.

"मॅडम, तुम्ही? इन्स्पेक्शनला आलात का?"

"नाही रे. शिकायला."

जितेंद्रचा चेहरा पडला. पोरं एकमेकांना कोपराने ढोसू लागली. तो तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला काय शिकवणार? तुम्ही नुसती हजेरी लावा, मी बघतो बाकीचं."

दिपमाला त्याच्याकडे रोखून बघत राहिली. हे बघणं त्याला आठवीपासून ठाऊक होतं.

"सर," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मला गिअरबॉक्समधलं काहीही कळत नाही. पहिल्यापासून सांगा."

मग त्याने सांगितलं. सुरुवातीला चाचरत, पुढे रंगून. तो चांगला शिकवायचा. तिचं पान्याचं माप चुकलं की ओरडायचा नाही, हातातून पाना काढून घ्यायचा नाही. "कुठे अडतंय ते बघा, मॅडम," म्हणायचा आणि थांबायचा. त्या थांबण्यात दिपमालाला बरं वाटायचं, पण तिने ते त्याला कधी बोलून दाखवलं नाही. कोर्स संपता संपता ती व्हॅनची क्लच प्लेट स्वतः बदलू शकत होती. पुष्पाबाईंनी शेजारच्या भिकुबाईंना मुद्दाम बोलावून आणून हे काम दाखवलं.

सर्टिफिकेट हातात आलं आणि देवचंदभाऊंनी तिला लाल एल लावलेली गाडी दिली. पहिल्याच आठवड्यात मंदाबाई आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. लेक धुळ्याला दिलेली. जावई न्यायला येणार, मग मुलगा पोचवायला येणार, या सगळ्याचा त्यांना कंटाळा आला होता.

"मला वाटलं, आपलं आपल्याला जाता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "शिकेन का मी?"

"ते बघू," दिपमाला म्हणाली. "आधी सीट पुढे घ्या, तुमचा पाय पोचत नाहीये."

मंदाबाईंना इतरांपेक्षा दुप्पट दिवस लागले. लायसन्सच्या परीक्षेत त्या एकदा नापास झाल्या आणि दुसऱ्यांदा पास. दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्यांनी स्वतःची गाडी दिपमालाच्या दारात आणून उभी केली आणि म्हणाल्या, "मॅडम, धुळ्यापर्यंत एकदाच सोबत चला. नुसत्या बसा."

गाडी एरंडोल मागे टाकून पारोळ्याकडे निघाली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या. या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता, त्यामुळे दिपमालाचा पाय पहिला तासभर आपोआप खाली दाबला जात होता. एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी शेजारून पुढे निघाला. मंदाबाईंनी त्याला जाऊ दिलं, आरसा बघितला आणि गिअर बदलला.

"बरोबर ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," दिपमाला म्हणाली. मग तिने चप्पल काढून ठेवली, खिडकी खाली केली आणि मंदाबाईंनी आणलेला चिवड्याचा डबा उघडला.