उस्तादांचा आकडा

मी श्वासाचं मशीन बोलतोय. पलंगाशेजारच्या स्टुलावर मला पाहिलं की पाहुणे एकदम आवाज खाली आणतात आणि विचारतात, "ऑक्सिजनवर आहेत का हो?" नाही हो! ऑक्सिजनचा आणि माझा काडीचाही संबंध नाही. खोलीतली साधी हवा मी ओढतो, गाळतो, जराशी ओलसर करतो आणि नळीतून झोपलेल्या माणसाच्या नाकात ढकलतो. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो. श्वास अडतो, माणूस अर्धवट जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा अडतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. तो मिटणारा घसा हवेच्या दाबाने उघडा ठेवायचा, एवढीच माझी नोकरी. पण दाब हवा नेमका. त्या नेमकेपणापायी एका माणसाचा जीव कसा टांगणीला लागला, ते मी जवळून पाहिलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. शेवटच्या टेबलावर एक बाई बसत. त्यांनी मला सुरू केलं, कान माझ्या पोटाला लावला आणि म्हणाल्या, "हा तर बोलतच नाही. पास!" आमच्या जातीत गप्प असण्याचंच कौतुक.

माझे पहिले मालक म्हणजे एक बँडमास्तर. तुतारीवाला माणूस, देह भक्कम, गाल तुळतुळीत. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी माझा दाब चौदावर बांधून दिला आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला. सहा वर्षं आमचा संसार सुखाने चालला. मग त्यांना प्रवासात नेता येईल असं छोटं मशीन मिळालं आणि मी गेलो माळ्यावर, एका फाटक्या ढोलाच्या शेजारी. माणसं वस्तू टाकत नाहीत, विसरतात. टाकलेलं निदान कळतं तरी.

तिथून मला खाली काढलं ते बँडमास्तरांच्या धाकट्या बहिणीने. कारण तिचे यजमान.

ते उंच इमारतींच्या साइटवर टॉवर क्रेन चालवायचे. साठ मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमधून टनभर वजन असं उतरवायचे, की खालच्या माणसाने बोट दाखवावं आणि भार तिथेच टेकावा. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. एका दुपारी क्रेनच्या आकड्याला भिंतीचा तयार तुकडा लटकत होता, खाली परांचीवर सहा माणसं उभी होती आणि उस्तादांचा डोळा लागला.

हात दांड्यावरून सुटला म्हणून भार जागीच थांबला. खालचा सिग्नलवाला वॉकीटॉकीवर घसा फोडून ओरडत होता. उस्ताद दचकून जागे झाले, भार नीट उतरवला, मग शिडीने खाली आले आणि सरळ इंजिनिअरसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, क्रेन बिघडली नव्हती. मला झोप लागली होती."

खोटं बोलले असते तर कुणाला कळलं नसतं. साहेबांनी त्यांना त्याच दिवशी क्रेनवरून उतरवलं आणि फाटकावर गाड्यांचे पास तपासायला बसवलं. दवाखान्यात झोपेची तपासणी झाली. तासाला अडतीस वेळा श्वास अडत होता! डॉक्टरीणबाईंनी मशीन लिहून दिलं. नव्या मशीनसाठी थांबावं लागणार होतं, तेव्हा बँडमास्तर म्हणाले, "माझं पडलंय की माळ्यावर! घेऊन जा. सगळं सेट केलेलं आहे, कशाला हात लावू नका म्हणजे झालं."

तिथेच घात झाला. पहिल्या रात्री मी चौदाच्या दाबाने सुटलो. काय करणार? मला जे सांगून ठेवलंय तेच मी करतो. हवा उस्तादांच्या पोटात भरली. त्यात त्यांना भरघोस मिशी. मास्क तिच्यावर बसेना, फटीतून वारा थेट डोळ्यांत. सकाळी ते ढेकरा देत उठले.

"बाबा," त्यांची लेक म्हणाली, "मामाचं मशीन लावून तुम्हीही तुतारी वाजवायला लागलात."

त्या दिवशी ते हसले. पाचव्या दिवशी हसले नाहीत. मास्क भिंतीवर फेकून म्हणाले, "ही शिक्षा आहे. मला नाही जमणार. फाटक तर फाटक."

मी पुन्हा अडगळीत, या वेळी कपाटावर. खालून त्यांचं बोलणं ऐकू यायचं, हल्ली फारच थोडं. साइटवरच्या गमती सांगणारा माणूस जेवताना घासागणिक पेंगायचा. लेकीने काही विचारलं की "हं" म्हणायचा. मला हात असते तर मीच माझा आकडा फिरवला असता. माझ्या पोटातल्या कार्डावर सगळं लिहिलेलं होतं: किती हवा गळली, किती वेळा श्वास अडला, किती वाजता मास्क फेकला. पण वाचणारं कुणी नको का?

शेवटी उस्तादांच्या बायकोने एका सकाळी मला भाजीच्या पिशवीत घातलं.

"कुठे निघालीस?"

"आपण निघालोय. चप्पल घाला."

"अगं, काही उपयोग नाही—"

"अहो, तुम्ही साठ मीटर चढून जाता आणि दवाखान्याचे दोन जिने चढवत नाहीत तुम्हाला? चला."

दवाखान्यात मशीनं बघणाऱ्या एक तंत्रज्ञ होत्या, सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी माझं कार्ड काढून संगणकात घातलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"चौदा? हे सेटिंग कुणाचं?"

"माझ्या दादाचं," बायको म्हणाली.

"दादांचा चष्मा घालून यांना क्रेन चालवायला सांगाल का?"

माझ्या मनात आलं, या बाईचे पाय धरावेत. पण पाय मला धरता येत नाहीत.

ताईंनी मला उघडलं, जुना गाळणीचा कागद फेकला, नळी बदलली, पाण्याचं भांडं नवं बसवलं, दाबमापक लावून माझी परीक्षा घेतली. मी छातीठोकपणे उत्तीर्ण झालो. "मशीन उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "आणि याला दाब आपोआप कमी-जास्त करता येतो. ती सोय आजवर कुणी वापरलीच नाही." मला स्वतःलाही ते माहीत नव्हतं! डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा अहवाल पुन्हा पाहिला आणि लिहून दिलं: चारपासून सुरुवात, अकरापर्यंत मोकळीक, मधे घशाला लागेल तसं.

राहता राहिला मास्क. उस्तादांनी घाबरत विचारलं, "मिशी काढावी लागेल का?"

"मिशीला कोण हात लावतंय?" ताईंनी एक इवलासा मास्क काढला. नुसत्या दोन मऊ गाद्या, नाकपुड्यांशी टेकणाऱ्या. "आडवे व्हा इथेच. वीस मिनिटं सवय करून बघा."

वीस मिनिटांनी उठवायला गेल्या, तर उस्ताद गाढ. भर दुपारी, दवाखान्याच्या अरुंद खाटेवर, दीड तास! घोरणं नाही, धडपड नाही. बायको दाराशी उभी राहून बघत होती. ताईंनी तिला चहा आणून दिला, तो तिच्या हातातच निवला.

म्हणजे लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना सुरुवातीला हवाच पुरेना, जीव गुदमरायचा. मग ताईंनी चाराचे सहा केले. तरीही कार्डावर तासाला अकरा अडथळे दिसत होते. पहाटे माझा दाब अकराच्या छताला टेकायचा आणि मला पुढे जायची परवानगी नसायची. डॉक्टरीणबाईंनी छत तेरावर नेलं. पुढच्या वेळी ताईंनी पडदा उस्तादांकडे वळवला.

"वाचा."

"दोन," उस्ताद म्हणाले. मग मोठ्याने, "अडतीसचे दोन?"

"दोन!"

घरी आल्यावर त्यांनी लेकीला उचलून गर्रकन फिरवलं. नववीतली पोर, पाय पार दाराला आपटले.

तीन महिने माझी आणि त्यांची एकही सुट्टी झाली नाही. ते कार्ड कंपनीच्या डॉक्टरांपुढे गेलं, दिवसा झोप येते का याची वेगळी परीक्षा झाली, आणि एका सोमवारी उस्ताद पुन्हा क्रेन चढले. मी तिथे नव्हतो. पण त्यांनी ते घरी इतक्या वेळा सांगितलंय की मला पाठ आहे. इंजिनिअरसाहेबांनी जमिनीवर खडूने एक चौकोन काढला होता आणि दोन टनांचा ठोकळा त्यात उतरवायला सांगितला होता. ठोकळा उतरला. चारी बाजूंना खडूची रेघ तेवढी दिसत राहिली. परांचीवर उभ्या असलेल्या त्याच सहा जणांनी हेल्मेटं काढून हवेत हलवली, आणि सिग्नलवाला वॉकीटॉकीवर एवढंच म्हणाला, "उस्ताद, या."

आता नदीवर मोठा पूल होतोय. तिथल्या सगळ्यांत उंच क्रेनसाठी साहेबांनी उस्तादांचंच नाव दिलंय. तीन आठवडे मुक्काम. आत्ता बॅग भरणं चाललंय.

"कपडे राहिले तर राहू देत," उस्ताद म्हणताहेत, "आधी याला ठेव."

"मला कधी नेलं नाहीत कुठे," बायको माझी नळी गुंडाळता गुंडाळता म्हणते, "आणि याला बरं मांडीवर घेऊन निघालात!"

तेव्हा मला निघायला हवं. जाता जाता एक मागणं. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद कपाटावर पडला असेल, तर त्याला शिव्या देण्याआधी दवाखान्यात न्या, त्याचं कार्ड वाचून घ्या आणि आकडा ज्याचा त्यालाच बसवून घ्या. आम्ही हट्टी नाही हो. आम्हाला फक्त माणसाची नीट ओळख करून द्यावी लागते.

बॅगेची चेन लागतेय. येतो. पूल बांधायचाय आम्हाला.