स्केल्विक हॉलमधून जाणारी वाट

दिवाणखाना.
तिथे मेंढ्या चरत होत्या.

"पायरी आहे, जपून," डॉर्कस टर्नी म्हणाली. वाटेच्या सरकारी चौकशीला आलेल्या मिस हॅल्डेन गवतात पायरी शोधू लागल्या. ती १९५३ सालीच स्केल्विक हॉलबरोबर, त्या जुन्या वाड्याबरोबर, पाडली गेली होती. डॉर्कसचा पाय अजून उचलला जाई.

हॉल पडला आणि गावाने त्याच्यामधूनच चर्चची वाट पाडली. या फेब्रुवारीत, १९९५ साली, नव्या मालकाने तिच्यावर तारा ओढल्या. कायदा सरळ होता. वीस वर्षं न अडता लोक चालले, तर वाट गावाची. मालकाने वर्षात एक दिवस जरी अडवली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तर जुन्या मालकांच्या वेळेपासून दर गुड फ्रायडेला फाटकाला कुलूप लागायचं.

स्वयंपाकघर. म्हणजे चिखल.

"कुलूप तुमचेच वडील लावायचे ना, बाई?" नव्या मालकाचा कारभारी क्रॅबट्री हसला. "हॉल गेला, साहेब गेले, म्हातारा आपला कुलूप लावतोय!"

"माळी होते ते. खाल्ल्या मिठाला जागले. तुम्हाला नाही कळायचं."

"आणि खोटं?"

"आयुष्यात बोलले नाहीत."

"मग हे वाचा." त्याने बाबांची बागेची वही उघडली. *२८ मार्च १९७५, गुड फ्रायडे. फाटक बंद.* "पुढच्या वर्षी ते नव्हते, कुलूपही नाही, मान्य. पण वीस वर्षांना महिना कमी पडतोय!"

अक्षर बाबांचंच होतं.

जिना.
जिना नव्हता, तरी डॉर्कस तिथे थांबली. मग तिने मान वर केली.

"बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. किल्ली माझ्याकडे दिली. मी फाटकापाशी उभी राहिले, पण चर्चला निघालेल्या शेजाऱ्यांच्या तोंडावर कुलूप घालवेना. घरी येऊन सांगितलं, लावलं. त्यांनी लिहिलं."

"मरत्या बापाला फसवलंत?" क्रॅबट्री म्हणाला.

"हो."

"बाई, हे गावासमोर शपथेवर सांगावं लागेल," मिस हॅल्डेन हळूच म्हणाल्या. "त्यांची वही खोटी होती, असं."

"वही खोटी नाही. मी खोटी. तसंच लिहा." तिने कोटाची बटणं लावली. "त्या सकाळी अकरा जण फाटकातून गेले. सात जण अजून आहेत. चला, पहिलं घर मिसेस ऑल्डरॉइडचं. दार उघडायला वेळ लावते, पण विसरत काही नाही."

तिने तार वर उचलून धरली आणि मिस हॅल्डेनना आधी जाऊ दिलं.