कडेच्या खणातला छर्रा

मित्रांनो, मी एक जुना खिळ्यांचा फळा आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखा फळा पाहिलाही नसेल.

मला एका सुतारकाकांनी घडवलं. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना कागदावर चित्र काढून दिलं होतं. वर नरसाळं, मधे खिळ्यांच्या ओळी, खाली अरुंद खण आणि पुढे काच.

"बाई, एवढ्या खिळ्यांवर टांगायचं काय?" काकांनी विचारलं.

"नशीब," बाई म्हणाल्या.

"मग फळी जाडच घेतो," काका म्हणाले, आणि त्यांनी ती खरंच जाड घेतली.

वर्गात बाई नरसाळ्यात सायकलचे छर्रे ओतत. प्रत्येक छर्रा खिळ्यावर आपटे आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे वळे. दोन्हींची शक्यता सारखीच. खाली खणांना अंक घातले होते. "छर्रा कोणत्या अंकावर थांबेल हे आधी सांगता येत नाही," बाई सांगत, "म्हणून त्या अंकाला यादृच्छिक चल म्हणायचं. पण कोणत्या अंकाची शक्यता किती, हे मात्र सांगता येतं." बघता बघता छर्ऱ्यांचा ढीग रचला जाई, मधे उंच, कडांना उतरता. मुलं पुन्हा ओतायला लावत. तो माझा सुखाचा काळ.

एकदा तास संपल्यावर एक मुलगी मागे राहिली. तिचा धाकटा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. ती माझ्या काचेपाशी आली. कडेच्या खणात एकच छर्रा पडला होता.

"बाई, हा एकटाच इथे कसा?"

"मधल्या खणांकडे जायला पुष्कळ वाटा आहेत. कडेला जायला एकच. दर खिळ्यावर त्याच बाजूला वळावं लागतं. क्वचित घडतं, पण एवढ्या छर्ऱ्यांत कुणाच्या तरी वाट्याला येतं."

"मी भावाला विसरलेलं पेन आणायला परत घरात पाठवलं. नाहीतर तो आधीच रस्ता ओलांडून गेला असता."

बाईंनी त्या छर्ऱ्याकडे बोट दाखवलं. "मग सांग, यात कोणत्या खिळ्याची चूक?"

मुलीने काचेवरून एकेका खिळ्यावर बोट फिरवलं. "कोणत्याच खिळ्याची नाही," ती म्हणाली. "पण बाई, खिळ्यांना भाऊ नसतो."

बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या तिच्या शेजारी बसल्या. शिपाई कुलूप लावायला आला, त्याला त्यांनी हातानेच थांब म्हटलं. त्यानंतर ती मुलगी रोज यायची. बाई एकेक छर्रा सोडायच्या आणि दोघी बघत बसायच्या. परीक्षा झाली आणि ती गेली. पुढे तिचं कसं झालं, मला कुणी सांगितलं नाही.

बाई निवृत्त झाल्या. छर्रे आता संगणकाच्या पडद्यावर पडू लागले, आवाज न करता. मला जिन्याखालच्या अडगळीत नेताना दाराच्या चौकटीचा धक्का लागला, काच तडकली आणि अगदी वरचा खिळा वाकला. एकदा नव्या सरांनी हौसेने मला बाहेर काढलं. ढीग एका बाजूला लवंडला. मुलं हसली.

"जुनं झालंय, काहीच्या बाही दाखवतंय," सर म्हणाले.

मित्रांनो, मी काहीच्या बाही दाखवत नव्हतो. वरचा खिळा वाकला की खालच्या सगळ्या खणांची शक्यता बदलते, एवढंच दाखवत होतो. कुणी जवळ येऊन पाहिलं नाही.

आता जिन्यावरून पावलं वर जातात, खाली येतात. माझं तोंड भिंतीकडे आहे. तुमच्याकडेही असं कुणी कोपऱ्यात पडलेलं असेल. त्याला वाया गेलेलं ठरवण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा. माझा खिळा पकडीने सहज सरळ होईल. आधी कुणीतरी मला उजेडाकडे वळवायला हवं.